ढेकळाचा धडा

एका तळ्याच्या काठी, म्हणजे अगदी काठी नव्हे, काठापासून चांगल्या शंभर पावलांवरच्या मुरमाड माळावर एक टिटवी राहत असे. पण कुणी पत्ता विचारला की ती मान ताठ करून 'तळ्याशेजारी' असंच सांगत असे. मुलांनो, एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टिटवीचं घर ते काय? जमिनीत उकरलेला एक खळगा आणि भोवती चार खडे. ना फांदी, ना पान, ना दार. घर उघडं, म्हणून गळाही उघडा. लांबवर मुंगूस दिसो, कुत्रं दिसो की गवत कापायला आलेली बाई दिसो, टिटवी आणि तिचा नवरा टिटवा असे काही कोकलायचे की साऱ्या माळाच्या कानठळ्या बसायच्या. त्या साली तिने चार अंडी घातली. एक सापाने नेलं, एक म्हशीच्या खुराखाली गेलं, एक नासकं निघालं. राहिली एकुलती एक पोर. पाठीवर मातकट ठिपके, म्हणून तिचं नाव ठिपकी. ती म्हणजे दोघांचा जीव की प्राण.

ठिपकी अंड्यातून बाहेर आली त्याच दिवशी टिटवीने तिला धडा दिला. "मी ओरडले की ढेकूळ व्हायचं. असशील तिथे बसायचं, मान जमिनीला टेकवायची, डोळे मिटायचे. चोचीवरून मुंगी गेली तरी हलायचं नाही. मी हळूच 'ये गं' म्हटलं की मगच उठायचं." पोरगी या विद्येत इतकी तरबेज झाली की एकदा खुद्द टिटवा तिच्या शेजारी उभा राहून "पोर कुठे गेली?" म्हणून अर्धा तास गळा काढत होता.

सगळं छान चाललं होतं. आणि छान चाललं असलं की शेजारीण येतेच. तळ्यातली बगळी आली, पांढरीशुभ्र, नुकतीच इस्त्री करून आणल्यासारखी.

"अगं बाई, ठिपकीला अजून शाळेत नाही घातलंस?" बगळी म्हणाली. "आमचा बाळ जातो ना, त्या रोहित पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय शाळेत. काय वळण लावलंय म्हणून सांगू! आता मासा गिळायच्या आधी माशाला 'आभारी आहे' म्हणतो."

"मग मासा काय म्हणतो?" टिटव्याने विचारलं.

"मासा आमच्या शाळेत नाही," बगळी तुटकपणे म्हणाली. मग टिटवीकडे वळून तिने विचारलं, "तुमची ठिपकी काय शिकते?"

"ढेकूळ व्हायला शिकते!" टिटवी कौतुकाने म्हणाली.

बगळीने हसू चोचीत दाबलं, पण ते दाबलेलं दिसेल अशा बेताने. "ढेकूळ? अगं, पोरं ढेकूळ होऊ नयेत म्हणून तर त्यांना शाळेत घालायचं!"

झालं. टिटवीच्या मनाला ते असं लागलं की दुपारी तिला एकही किडा गोड लागेना. "अहो," ती टिटव्याला म्हणाली, "ठिपकीला त्याच शाळेत घालायचं."

"अगं, आपण कुठे शाळेत गेलो? आपलं काय अडलं?"

"अडलं नाही? आयुष्य खड्ड्यात गेलं माझं!"

"खड्डा नाही गं, खळगा," टिटवा दुखावून म्हणाला. "आणि तो मी स्वतः उकरलाय."

"माझ्या लेकीने नाही राहायचं खळग्यात. तिने पाण्यात उभं राहायचं, गुलाबी लोकांत." टिटवीने असं म्हटल्यावर टिटवा गप्प बसला. शहाण्या नवऱ्याला कधी गप्प बसायचं ते कळतं, आणि कधी बसू नये ते कळत नाही.

शाळेच्या मोठ्या बाई म्हणजे एक वयस्कर रोहित पक्षीण. गुलाबी पिसं, हातभर मान, पाण्यात एका पायावर उभ्या. आपल्याकडची हुशार माणसं बारा गावचं पाणी प्यायलेली असतात. या बाई बारा देशांचं पाणी प्यायलेल्या होत्या. शाळेत त्या मुलांची मुलाखत घेत नसत, आईबापांची घेत. टिटवीने आदल्या दिवसभर कुजबुजायचा सराव केला होता आणि टिटव्याला चोच मिटून ठेवायची ताकीद दिली होती.

बाई काठावरच्या ओल्या चिखलात चोचीने अर्ज लिहू लागल्या. "पत्ता?"

"तळ्याशेजारी," टिटवी कुजबुजली.

"मुलीला घरी काय शिकवलं आहे?"

टिटव्याला राहवेना. "आमची पोर ना बाई, अशी काही ढे..." टिटवीने त्याच्या पायावर पाय दिला.

"काही विशेष नाही," ती म्हणाली, आणि बाईंनी तसंच लिहून घेतलं.

"आणि मुलगी कुठे आहे?" बाईंनी आपली लांबलचक मान खाली वळवत विचारलं. ती सापासारखी मान वरून येताना पाहून ठिपकीने काय करावं? ती ढेकूळ झाली. बाईंचा पाय तिच्या पाठीपासून बोटभर अंतरावर पडला. टिटवीने घाईघाईने "ये गं" म्हटलं, तेव्हा कुठे ढेकूळ उभं राहिलं.

"लाजाळू आहे हो जरा," टिटवी ओशाळून म्हणाली.

"काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "पहिल्याच महिन्यात आम्ही ते पार काढून टाकतो."

आणि खरंच काढलं हो! बाईंना 'ठिपकी' म्हणताना चोच वाकडी करावी लागे. ती मुळातच वाकडी होती, ती गोष्ट वेगळी. म्हणून त्यांनी तिचं नाव टिफनी ठेवलं. शाळेचा नियम एकच, पण कडक. मोठा आवाज कानी पडला की ती घंटा समजायची. मग ताठ उभं राहायचं, एक पाय वर घ्यायचा, समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं आणि आपली ओळख करून द्यायची. पंधरा दिवसांत ठिपकी वर्गात पहिली आली. घरी येऊन ती आईलाच सांगू लागली, "आई, एवढ्या मोठ्यांदा नसतं बोलायचं." टिटवीला इतका आनंद झाला की तिने ओरडणंच सोडून दिलं. येताजाता कुजबुजू लागली. राखणीला एकटा टिटवा ओरडत राहिला, आणि त्यालाही ती "रानटीच आहात अगदी" असं हळू आवाजात म्हणू लागली.

एका रविवारी सकाळी टिटवीने मुद्दाम बगळीला माळावर बोलावलं. लेकीची प्रगती दाखवायची होती ना! ठिपकी नुकती ऐटीत पुढे आली, इतक्यात बांधाआडून कोल्हा आला. दोन दिवसांचा उपाशी. टिटव्याने त्याला पाहिलं आणि आभाळ डोक्यावर घेतलं.

ठिपकीने आवाज ऐकला. ती ताठ उभी राहिली. एक पाय वर घेतला, कोल्ह्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि गोड, स्पष्ट आवाजात म्हणाली, "सुप्रभात. माझं नाव टिफनी. मी तळ्याशेजारी राहते. मला नवे मित्र जोडायला आवडतात."

कोल्हा जागीच थबकला. आजवर त्याच्या न्याहारीने कधी स्वतःची ओळख करून दिली नव्हती.

"वा वा!" तो म्हणाला. "कुठल्या शाळेत जातेस, बाळ?"

"आंतरराष्ट्रीय."

"तरीच!" कोल्हा आणखी जवळ सरकला. "अशा शाळा गावोगावी निघाल्या पाहिजेत."

बगळी "बरं, येते हं मी" म्हणाली आणि अजिबात आवाज न करता उडून गेली. टिटवीने ओरडायला चोच उघडली, तर पंधरा दिवस कुजबुजून गळा असा बसलेला की नुसतं 'टिव्' एवढंच बाहेर आलं. चारातली ही एकच राहिली होती, आणि तीही डोळ्यांदेखत कोल्ह्याला आपलं नाव सांगत होती.

मग टिटवीने धाडकन जमिनीवर अंग टाकलं आणि पंख मोडल्याचं सोंग केलं. पंख ओढत, तडफडत ती कोल्ह्याच्या समोरून सरपटू लागली. हे सोंग तिला तिच्या आईने शिकवलं होतं. मुलाखतीत तिने त्याचंही नाव काढलं नव्हतं. कोल्ह्याने पाहिलं, मोठा घास आयता चालून आलाय. तो टिटवीकडे वळला.

पण ठिपकी शिकलेली ना! पडलेल्याला मदत करावी, हा तिचा गेल्याच आठवड्याचा धडा. ती तुरुतुरु चालत थेट दोघांच्या मध्ये आली आणि म्हणाली, "मी आपली काही मदत करू का?"

कोल्ह्याने जबडा उघडला. टिटवीने होता नव्हता तेवढा जीव गळ्यात गोळा केला आणि किंचाळली, "ठिपके! ढेकूळ!"

शाळेत तिला ठिपकी कुणी म्हणत नसे, आणि ढेकूळ हा शब्द तर शाळेच्या अभ्यासातच नव्हता. त्यामुळे ही काही घंटा नव्हे, हे पोरीला तत्क्षणी कळलं. वरचा पाय खाली आला, मान जमिनीला टेकली, डोळे मिटले. कोल्ह्याचा जबडा मिटला तो हवेवर.

समोर सगळा माळ पसरलेला, आणि त्यावर ढेकळंच ढेकळं. कोल्ह्याने एक ढेकूळ हुंगलं. दुसरं हुंगलं. तिसरं ढेकूळ म्हणजे ठिपकी. त्याने नाक खाली नेलं, तोच वरून टिटव्याने त्याच्या टाळक्यात असा टोला हाणला की त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. चिडून त्याने मान वर केली, तर पुढ्यात टिटवी मोडका पंख ओढत लंगडत होती. त्याने झेप घेतली. ती दोन हात पुढे. पुन्हा झेप, पुन्हा दोन हात पुढे. अशी ओढत तिने त्याला तळ्यापर्यंत नेलं, पार चिखलात, आणि तो पोटापर्यंत रुतल्यावर मोडका पंख झटकून भुर्रकन उडाली.

समोरच पाण्यात मोठ्या बाई एका पायावर उभ्या होत्या. "सुप्रभात," त्या म्हणाल्या. कोल्ह्याने तोंड फिरवलं. नव्या ओळखींची त्याची हौस फिटली होती.

टिटवी माळावर परतली, पण ठिपकी काही दिसेना. इकडे ढेकूळ, तिकडे ढेकूळ. नेली की काय पोर? मग आठवलं, आणि बसलेल्या गळ्याने ती म्हणाली, "ये गं."

पायाजवळचं ढेकूळ उभं राहिलं. "आई, चोचीवरून मुंगी गेली," ठिपकी म्हणाली, "पण मी नाही हलले." टिटवीने तिला पंखाखाली ओढून घेतलं आणि हमसून हमसून रडली. टिटवाही रडला, पण तो म्हणाला की डोळ्यांत माती गेली.

थोड्या वेळाने बगळी हळूच परत आली. "काय गं, ते ढेकळाचं शिकायला किती दिवस लागतात? आमच्या बाळालाही म्हटलं..."

"वहिनी," टिटवा म्हणाला, "बाळ पांढरा आहे. आधी त्याला मळवावा लागेल."

टिटवी मात्र तडक शाळेत गेली. "काय हो बाई," तिने तोंड सोडलं, "माझी लेक काय कोल्ह्याच्या ताटात वाढायला दिली होती तुमच्याकडे?"

बाईंनी शांतपणे काठावरचा अर्ज दाखवला. "पत्ता, तळ्याशेजारी. आम्हाला वाटलं, आमच्यासारख्याच पाण्यात राहता. पाण्यात कोल्हा येत नाही, म्हणून आम्ही ताठ उभं राहायला शिकवतो. माळावर राहता, हे कुठे सांगितलंत? आणि घरी काय शिकवलं, हे मी स्वतः विचारलं होतं. हे पाहा तुमचं उत्तर."

टिटवीने पाहिलं. 'काही विशेष नाही.' उन्हात वाळून ती अक्षरं दगडासारखी झाली होती. बाईंची चूक काढायला ती आली होती, आणि शब्द तिचेच निघाले. तिचा पारा सरसर खाली उतरला.

"हे खोडता येईल का हो?"

"वाळलंय आता," बाई म्हणाल्या. "पण खाली जागा आहे."

टिटवीने बाईंना लिहूच दिलं नाही. स्वतःची चोच ठोकून ठोकून तिने खाली कोरलं, 'ढेकूळ होता येतं.' मग थोडा विचार करून वरच्या पत्त्यापुढे 'शंभर पावलं लांब, माळावर' हेही जोडलं.

बाईंनी मान वाकडी करून ते वाचलं. "म्हणजे त्या दिवशी ती लाजाळू नव्हती तर?"

"छे हो," टिटवी म्हणाली, आणि या वेळी साऱ्या तळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हुशार होती!"

तात्पर्य : लेकराला कितीही मोठ्या शाळेत घाला, पण घरच्या विद्येला 'काही विशेष नाही' म्हणू नका, कोल्हा घरचाच पत्ता शोधत येतो.