शनीच्या मागे केरबा

हिवरेवाडीत केरबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगाने दणकट, मनाने गरीब. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा, तसूभर कमी नाही की जास्त नाही. एकदा एसटी स्टँडवर त्याला कुणीसं ‘जरा थांब, आलोच’ म्हणालं आणि पुण्याला नोकरीला निघून गेलं. केरबाला दुसऱ्या दिवशी आईने हाताला धरून घरी आणलं.

त्याच गावात इनामदार बाई होत्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. तालुक्याच्या विज्ञान मंडळाने त्यांना एक मोठी दुर्बीण वर्षभरासाठी दिली होती. वर्षाअखेरीला मंडळाचे साहेब येऊन बघणार होते. गावाला आकाशाची गोडी लागलेली दिसली तर दुर्बीण हिवरेवाडीला कायमची, नाहीतर पलीकडच्या कासारखिंडीला. दुर्बीण उचलायला गडी हवा म्हणून बाईंनी केरबाला धरलं आणि म्हणाल्या, “दुर्बीण राहिली तर तिचा राखणदार तू.” केरबाला आजवर कुणी कशाचा राखणदार केलं नव्हतं. त्या दिवसापासून दुर्बीण गावात राहावी, एवढी एकच आस त्याला लागली.

पहिल्या आकाशदर्शनाला शाळेच्या मैदानावर सगळे दिवे भकाभका जळत होते. कुणाला एक चांदणी दिसेना. बाई म्हणाल्या, “केरबा, आकाश बघायचं तर आधी दिवे घालवायचे.”

“बरं बाई. ध्यानात ठेवतो.”

आणि त्याने ठेवलं. पुढच्या महिन्यात समाजमंदिरात धूमकेतूंवर व्याख्यान होतं. पाहुणे लांबून आले होते. पडद्यावर चित्रं दाखवायची सोय होती. पाहुणे म्हणाले, “चला, आता आपण आकाश बघू या.” केरबा लगबगीने उठला, बाहेर गेला आणि गावाचा फ्यूज काढून आला. पडदा गेला, पंखे गेले, कोपऱ्यावरची गिरणी अर्ध्या दळणावर थांबली. पाहुण्यांनी धूमकेतू अंधारात हातवारे करून सांगितला.

“अरे, हे पडद्यावरचं आकाश,” बाई म्हणाल्या. “इथे पडदा बांधायचा, लोकांना त्याच्याकडे तोंड करून बसवायचं आणि गप्प राहायचं.”

“असं व्हय. आता न्हाई चुकायचं.”

मग आली उल्कावर्षावाची रात्र. बाई मैदानावर पोचल्या तर दोन खांबांना पांढराशुभ्र पडदा ताणून बांधलेला, आणि सगळं गाव त्याच्याकडे टक लावून बसलेलं. उल्का पडत होत्या पाठीमागे. हौसाक्का म्हणाली, “केरबा, माज्या पाठीमागं कायतरी चमाकलं.”

“मागं बघायचं न्हाई, आक्का. समोर बघा.”

“समोर चादर हाय की रं.”

“तीच बघा.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “बाबा रे, उघड्यावर आकाश बघायचं तर सतरंज्या टाकून लोकांना उताणं झोपवायचं.”

उन्हाळ्यात शून्य सावलीचा दिवस आला. त्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. बाईंनी सरपंच आनंदरावांनाही बोलावलं होतं. बाईंना यायला थोडा उशीर झाला. येऊन बघतात तो सरपंचांसह सगळी पंचायत तापल्या मैदानात सतरंज्यांवर उताणी, डोळे गच्च मिटून.

“दिसतीय का सावली?” केरबा प्रत्येकाला विचारत होता.

“न्हाई बा,” सरपंच म्हणाले. “पाठ मातूर भाजली.”

“मग झालं की. शून्य सावली.”

बाईंना राग आला, तरी हसूही आवरेना. केरबाचा चेहरा मात्र पडला. तेव्हा त्यांनी त्याला शेजारी बसवून शांतपणे समजावलं, “हे बघ, आकाशातलं काहीच एका जागी थांबत नाही. म्हणून त्याच्यावर नजर ठेवायची. ते सरकलं की आपणही त्याच्या मागोमाग सरकायचं. एवढं जमलं की तू राखणदार.”

“मागोमाग सरकायचं,” केरबाने घोकलं.

वर्ष सरलं. साहेब येणार त्या दिवशी शनी दाखवायचं ठरलं. हौसाक्का तर शनीला घालायला तेलाची वाटी घेऊन आली. संध्याकाळी बाईंनी दुर्बीण नीट लावली, शनीभोवतीची कडी बघून घेतली आणि केरबाला म्हणाल्या, “आम्ही सत्कार उरकून येतो. शनीला नजरेआड होऊ देऊ नकोस.”

“तुम्ही बिनघोर जावा.”

सत्कार म्हटल्यावर तो काही उरकेना. हार झाले, शाली झाल्या, नारळ झाले. सरपंचांनी भाषण सुरू केलं ते गावाच्या स्थापनेपासून. सगळा गाव शाळेत बसून जांभया देत होता. शेवटी साहेबांना घेऊन सगळे बाहेर आले तर मैदान मोकळं. दुर्बीण नाही, केरबा नाही. शनीही डोंगराकडे कललेला.

साहेबांच्या जीपमधून शोध सुरू झाला. वाटेत एक मेंढपाळ भेटला. म्हणाला, “एक गडी खांद्यावर तोफ घेऊन पश्चिमेला गेला की. वर बघत चालला हुता. दोनदा आपटला.”

जीप खिंड उतरून कासारखिंडीत शिरली. चावडीपुढे मधोमध दुर्बीण उभी होती आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोराबाळांपर्यंत सगळं गाव तिच्यापुढे रांगेत. जो बघेल तो तोंडात बोट घालत होता. साहेबही रांगेत शिरले. कडीवाला शनी बघून खूश झाले आणि म्हणाले, “बाई, गोडी म्हणतात ती ही. सत्कार नाही, भाषण नाही. दुर्बीण इथेच राहू द्या.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभराची मेहनत दुसऱ्याच्या दारात जाऊन बसली होती. त्या कशाबशा म्हणाल्या, “केरबा, काय करून बसलास हे?”

केरबाने आकाशावरची नजर काढली नाही. साहेब ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत त्याने दुर्बीण उचलून खांद्यावर घेतली.

“आता बोलत बसू नका बाई, शनी डोंगराला टेकला. म्होरलं गाव कुठलं?”