कळकलेल्या ताकाची दवंडी

“ताक बाधलं म्हणून आपणच गावभर ओरडत सुटायचं? दादा, डोकं फिरलंय का तुझं?” कालक दार अडवून उभा होता.

“कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात रात्रभर आंबट ताक ठेवलंस. ते कळकणार नाही तर काय? सर बाजूला.”

पूर्वी सुतेज राजाच्या नगरीत बोधिसत्त्व दही-ताक विकणाऱ्यांच्या घरी जन्मले होते, तेव्हाचे हे भांडण. सणाची मागणी मोठी, म्हणून धाकट्या कालकाने अडगळीतली पातेली काढली आणि सकाळी ताक घरोघरी गेले. पहिल्या गल्लीत माणसे ओकू लागली. बाकीचे नगर अजून जेवायचे होते. आई रवी ओढत ऐकत होती.

“विहिरीचं पाणी वाईट होतं म्हणू,” कालक म्हणाला. “नाहीतर पलीकडच्या गवळ्याचं नाव घेऊ. आपलं नाव तरी राहील!”

बोधिसत्त्वांनी त्याला हाताने दूर केले, वैद्याला सांगावा धाडला, ढोल गळ्यात अडकवला आणि चौकाचौकांत हाळी दिली, “आमच्या घरचं ताक ओतून टाका! आमच्याच भांड्यांत नासलंय. प्यायला असाल तर वैद्याकडे चला!”

लोकांनी शिव्या घातल्या. एकीने तर भरले मडके त्यांच्याच डोक्यावर रिते केले.

“बरं केलंस, माय,” ते तोंड पुसत म्हणाले, “एक मडकं कमी झालं.”

सूर्य मावळेतो गल्ल्या ताकाने पांढऱ्या झाल्या. ओकणारे उठून बसले. नगरात एकही तिरडी बांधावी लागली नाही.

मग दुसऱ्या सकाळी बोधिसत्त्वांनी नवी कल्हई केलेली पातेली दारात मांडली. बायका वाकवाकून आत पाहू लागल्या. आपले तोंड लख्ख दिसले की म्हणत, “घाल बाबा!” दुपारच्या आत ताक संपले, राजवाड्याचा माणूस रिकाम्या हाताने परत गेला! भांड्यात तोंड पाहून ताक घ्यायची चाल त्या नगरीत तेव्हापासून पडली.

कालक तरीही धुमसतच होता. “नशीब म्हणून तरलो. नाव बुडालं असतं म्हणजे?”

एवढे सांगून, आता बुद्ध झालेले शास्ते विहारात जमलेल्या भिक्षूंना म्हणाले, “तो कालक म्हणजे स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलणारा तुमच्यातला हा भिक्षू. चिडलेले नगरजन तुम्ही सारे, आणि ढोल बडवणारा मी. नाव बुडाले तरी खरेच सांगणे, यालाच सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात.”

आणि त्यांची तेव्हाची आई, जी आज विहाराच्या दाराशी बसलेली वृद्ध भिक्षुणी आहे, तिने कालकाचे ते बोल ऐकून रवी थांबवली आणि ते भांडण कायमचे मिटवले: “मेल्या, आपलं नाव लोकांच्या तोंडात राहतं, मग आधी ती तोंडं जगायला नकोत?”