मैनेचे कान

यातलं एक अक्षर जरी खरं मानून दाखवलंत, तर माझा राहिलेला एक दात तुम्हाला बक्षीस! बसा.

फार मागं, माझ्याही जन्माआधी, म्हणजे बघा किती मागं, रानाला लागून एक गाव होतं. त्याच्या वेशीवर मातीचा राखणदार उभा असायचा. कसलं जनावर म्हणून विचारू नका. धड बैल नाही, धड घोडा नाही. त्या गावची रीतच तशी. वर्षभरात ज्याचं जनावर मरायचं, तो त्याच्या गोठ्यातली मूठभर माती म्हाताऱ्या कुंभारणीकडे न्यायचा आणि त्या जनावराचा एक अवयव मागायचा. जुना राखणदार पावसात विरघळला की म्हातारी सगळ्यांची माती एकत्र तुडवून नवा घडवायची.

एका साली तेलिणीचा बैल गेला. तिनं शिंगं मागितली. धनगराचं कुत्रं गेलं. त्यानं शेपूट मागितलं. पाटलांचा घोडा गेला. त्यांनी मान मागितली, आयाळीसकट.

शेवटी आली परटाची पोर, एवढीशी. तिची गाढवी गेली होती. नाव मैना, आणि ओरडली की शेजारचं गाव दचकून उठायचं.

"आज्जे, मैनेचे कान लाव," पोर म्हणाली. "मी सगळं तिच्या कानातच सांगायची."

पाटील तिथंच उभे होते. कडाडले, "माझ्या घोड्याच्या मानेवर गाढवाचे कान? अगं, वाघ हसून हसून मरेल!"

"मरू दे की," कुंभारीण म्हणाली. "राखणदार आणखी कशाला ठेवतात?"

माणसं फिदीफिदी हसली. पोरीचे डोळे भरले. म्हातारीनं तिची घामेजलेली मूठ हळूच उघडली, माती ढिगात टाकली आणि वर दोन्ही पायांनी नाचली.

"मग माझी माती मला परत दे!" पाटील म्हणाले.

"घ्या की. यातली तुमची तेवढी ओळखा."

पाटील वाकले. बोटानं चिखल चाचपला. घोडा गेल्यापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं, ते गावाला ठाऊक होतं. त्यांनी डोळे पुसले, तर गाल चिखलानं माखला.

"लाव बाई," ते पुटपुटले. "पण कान जरा लहान कर."

म्हातारीनं हातभर लांब केले.

पोर रोज तिन्हीसांजेला वेशीवर जायची, राखणदाराच्या गळ्यात पडून कानात गुजगोष्टी करायची. एके दिवशी मान वर करते तर समोर वाघ! भुकेला, पोट खपाटीला गेलेलं.

वाघानं राखणदाराला एक फेरी मारली. "हे कसलं जनावर गं?"

पोर राखणदाराला घट्ट बिलगली. "आमच्या सगळ्यांचं."

"शिंगं कुणाची?"

"तेलीणमावशीच्या बैलाची."

"मान?"

"पाटीलकाकांच्या घोड्याची."

"बैल मी खाल्लाय, घोडा खाल्लाय," वाघ म्हणाला. "आणि हे कान?"

"आमच्या मैनेचे. गाढवी होती. म्हातारी होऊन मेली."

वाघानं ते हातभर कान हुंगले.

"जे गाव मेलेल्या गाढवीचे कान पाटलाच्या घोड्याला लावतं," तो म्हणाला, "ते जित्या पोरीसाठी काय करेल? मला नाही बघायचं बाई." आणि उपाशी पोटानं रानात परतला. पुन्हा त्या वाटेला फिरकला नाही.

मला कुणी सांगितलं? वाघानंच. दुसरं कोण होतं तिथं?

बोध पाहिजे ना? घ्या: मनातून घडवलेल्या जनावराची ताकद त्याच्या शिंगात नसते, त्यात कुणाकुणाला जागा दिली त्यात असते.

असे टकामका काय बघताय? खरं मानलंत वाटतं! आता दात मागाल. उठा, जा बघू घरी!