पिल्लाच्या चालीनं

कातळवेळ गावात कासवांची अंडी जपायचं काम चंद्राकाकू तांडेलांकडे होतं. पाहुण्यांसाठी त्यांचा दंडक एकच: समुद्राकडे निघालेल्या पिल्लांसोबत चालायचं, तर चपला पिल्लांच्या वाटेभोवती बांधलेल्या दोरीबाहेर काढून, अनवाणी आणि पिल्लाच्या चालीनं चालायचं. न जाणो, एखादं पायाखाली यायचं!

एकदा ऐन बाराच्या उन्हात पर्यटन समितीचे अध्यक्ष धैर्यशीलराव फोटोवाल्यांचा लवाजमा घेऊन हजर झाले. म्हणाले, "आत्ताच्या आत्ता पिल्लं सोडा. मला तीनला सभा आहे."

"साहेब, सकाळी नाहीतर ऊन उतरल्यावरच सोडतो. आता वाळू तापलीय."

"तापू दे! समुद्र पन्नास पावलांवर तर आहे. सोडता, की गावाची पर्यटनाची परवानगी काढून घेऊ?"

गावातल्या निम्म्या चुली पाहुण्यांवर पेटत होत्या. चंद्राकाकू हसून म्हणाल्या, "सोडते की! पण पहिला मान तुमचा. पुढं होऊन पिल्लांना वाट दाखवा. दंडक ठाऊक आहे ना? अनवाणी, आणि सावकाश."

कॅमेरे सरसावले. धैर्यशीलरावांनी बूट-मोजे काढून दोरी ओलांडली. पहिलं पाऊल ऐटीत पडलं, दुसरं घाईत. तिसऱ्याला "आई गं!" करत त्यांनी दोरीबाहेर उडी घेतली आणि ते आपल्याच बुटांवर जाऊन उभे राहिले.

"अजून सत्तेचाळीस पावलं राहिली, साहेब," काकू म्हणाल्या. "आणि पिल्लांना तर उडीही मारता येत नाही."

धैर्यशीलराव माडाखाली तळवे चोळत बसले. बऱ्याच वेळानं नरमाईनं म्हणाले, "काकू, मग किती वाजता सोडणार?"

काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "घड्याळ कशाला हवं? अधूनमधून पाय टेकवून बघा. तुम्ही पाण्यापर्यंत सावकाश चालत गेलात, की लगेच सोडते."