शेठाणीबाईंचे अडकित्ते

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कुणाचं होतं तेही आता कुणाला सांगता येत नाही. पण त्या राज्यातल्या एका पेठेत दोन बायका राहत होत्या, त्यांची आठवण मात्र राहिली आहे. मुलांनो, ऐका. आणि मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.

ही पेठ एका घाटाच्या पायथ्याशी होती. तिथे मथुरा नावाची एक बाई राहायची. तिचा नवरा बैलांवर मीठ लादून घाटापलीकडच्या मुलखात विकायला जाई. परत येताना दर खेपेला तो बायकोसाठी एकच वस्तू आणी, सुपारी कातरायचा अडकित्ता. पण प्रत्येक अडकित्ता वेगळा. एक पितळेचा मोर होता, तो मिटला की पिसारा मिटायचा. एक घोडेस्वार होता. एकाला बारीक घुंगरं होती, सुपारी कातरताना ती वाजायची. एक इवलासा पोपट होता, त्याची चोच हीच त्याची धार.

दुपारची कामं आटोपली की पेठेतल्या बायका मथुरेच्या ओसरीवर जमत. मग ती एकेक अडकित्ता काढी, सुपारी कातरी आणि तो अडकित्ता कुठल्या बाजारातून आला, तिथली माणसं कशी बोलतात, काय खातात, ते सांगे. नवऱ्याने सांगितलेलं थोडं, स्वतःच्या पदरचं थोडं. ज्या बायकांनी कधी पेठेची वेस ओलांडली नव्हती, त्या सगळ्या मुलखाची सफर करून संध्याकाळी चूल पेटवायला घरी जात. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत.

दुसरी बाई होती नगरशेठांची बायको, गजराबाई. पेठेतलं सर्वांत मोठं घर तिचं. तिला मात्र सगळे शेठाणीबाई म्हणत, आणि तेही उभं राहून. त्यांची पालखी रोज देवळाकडे जाताना मावशीच्या ओसरीसमोरून जाई. पालखी आली की ओसरीवरच्या बायका बोलायच्या थांबत, पदर सावरत. पालखी पुढे गेली की पुन्हा बोलणं आणि हसणं सुरू.

ते हसणं शेठाणीबाईंच्या कानात घरी पोचेपर्यंत राही.

"एवढं काय आहे त्या बाईकडे?" त्या आपल्या दासीला, कोंडाला विचारत.

"अडकित्ते आहेत, बाईसाहेब. लई नामी आहेत म्हणतात."

"अडकित्त्यांसाठी कुणी रोज जातं?"

 कोंडा स्वतःही सवड मिळेल तेव्हा जात होती.

शेठाणीबाईंच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली. ते अडकित्ते जिच्या घरी, तिच्या घरी माणसं. खरं तर त्यांना सुपारी लागायची. एक खांड तोंडात टाकलं तरी डोकं गरगरायचं. पण हेवा काही चव बघून धरता येत नाही.

एका उन्हाळ्यात मावशीचा नवरा घाटात आजारी पडला. त्या वाटेवर पाण्याचा थेंब नव्हता. सोबतच्यांनी त्याला उचलून घरी आणलं, पण तो वाचला नाही. दुःख थोडं ओसरल्यावर मावशीने ठरवलं, घाटात खडक फोडून पाण्याचं टाकं करायचं, म्हणजे पुन्हा कुणाची अशी गत होणार नाही. तिच्याजवळ विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तिने दवंडी पिटवली, की पुढच्या बाजाराच्या दिवशी देवळासमोरच्या पारावर अडकित्त्यांचा लिलाव होईल, ज्याची बोली मोठी त्याची वस्तू.

बातमी ऐकल्यापासून शेठाणीबाईंना जेवण गोड लागेना.

"आपल्या घरात पान कोण खातं?" नगरशेठ म्हणाले. "आणि घ्यायचाच असेल तर एखादा घे. तो मोर चांगला आहे म्हणतात."

"एखादा नाही. सगळे."

"सगळे कशाला?"

"एकसुद्धा दुसऱ्या कुणाकडे गेला, तर तिथे पुन्हा ओसरी भरेल," शेठाणीबाई म्हणाल्या.

नगरशेठ पेढीवर निघून गेले.

बाजाराच्या दिवशी पारावर ही गर्दी झाली. लांबून एक सरदार आले होते, जुन्या नामी वस्तू जमवायचा त्यांना नाद होता. शेजारच्या गावचे देशमुख आले होते. पुकारणारा एकेक अडकित्ता उंच धरायचा, उघडमीट करून दाखवायचा आणि ओरडायचा, "बोला! मोराला बोला!"

सरदार बोलले, देशमुख बोलले. शेठाणीबाई पालखीच्या पडद्याआडून दोघांच्या वर बोलल्या. एक वार, दोन वार, तीन वार. मोर शेठाणीबाईंचा झाला. घोडेस्वार शेठाणीबाईंचा झाला. घुंगरांच्या अडकित्त्यासाठी सरदार बराच वेळ चढत गेले, पण शेवटी हसून हात जोडून बाजूला झाले. "बाईंच्या पुढे कोण जाणार?" ते म्हणाले. शेठाणीबाईंना ते शब्द फार गोड लागले.

शेवटी पोपट आला. छोटा होता, झिजलेला होता. मोठ्या माणसांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. तेवढ्यात गर्दीतून एक बारीक आवाज आला. कोष्ट्याची सून तानी बोली लावत होती. नवी नवरी म्हणून ती या पेठेत आली, तेव्हा माहेरच्या आठवणीने दिवसच्या दिवस बोलली नव्हती. मावशीने तिला ओसरीवर बसवलं, हा पोपट तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस, याला बोलू दे." तानी पहिल्यांदा हसली होती ती तेव्हा. आज साड्यांचे काठ विणून मिळालेल्या मजुरीतून वाचवलेलं सगळं ती कनवटीला लावून आली होती.

शेठाणीबाई तिच्या वर बोलल्या.

तानीने होतं नव्हतं त्या सगळ्याची बोली लावली. शेठाणीबाई त्याच्याही वर गेल्या. बरोबर आणलेले पैसे आता संपले होते, म्हणून त्यांनी हातातल्या पाटल्या काढून कोंडाच्या ओंजळीत टाकल्या.

"बाईसाहेब," कोंडा हळूच म्हणाली, "पोरीला एवढा एक राहू द्या. बाकीचे तर सगळे आपलेच झाले."

"पाटल्या नेऊन दे," शेठाणीबाई म्हणाल्या.

तीन वार झाले. तानी मान खाली घालून उभी राहिली. मावशी तिच्याजवळ आली. लिलावाची अट तिने स्वतःच घातली होती, त्यामुळे तिच्या हातात काही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "पोपट गेला तर गेला. तू उद्या येणार आहेस ना?"

शेठाणीबाईंनी शिसवी कपाट करवून घेतलं. आत लाल मखमल लावली. त्यावर सगळे अडकित्ते मांडले, घासून असे लखलखीत केले, की मावशीकडे ते कधी तसे दिसले नव्हते. मग पेठेतल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकवाचं बोलावणं धाडलं.

बायका आल्या. ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. गादीच्या कडेकडेला बसल्या. कपाट उघडलं तशा सगळ्या पुढे सरकल्या, आणि शेठाणीबाईंचं काळीज आनंदाने भरून आलं.

"अगं बाई, हा तोच मोर!" एकजण म्हणाली. "मावशीच्या नवऱ्याने दोन गोणी मीठ देऊन घेतला होता तो."

"दोन कुठल्या? मावशी तीन सांगायची."

"दर वेळेला एक गोणी वाढवायची ती!" तिसरी म्हणाली, आणि सगळ्या हसू लागल्या.

"आणि हा घोडेस्वार. मावशी म्हणायची, याला मिशा आहेत पण..."

"या घरात," शेठाणीबाई मोठ्याने म्हणाल्या, "त्या बाईचं नाव निघता कामा नये. अडकित्ते माझे आहेत."

 मग एका म्हातारीने नम्रपणे विचारलं, "बरं, शेठाणीबाई. मग तुम्ही सांगा ना यांचं काहीतरी."

शेठाणीबाईंनी मोराकडे पाहिलं. घोडेस्वाराकडे पाहिलं. त्यांना सांगण्यासारखं एवढंच होतं, की लिलावात बोली कितीवर गेली. त्यांनी तेच सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या, लाडू खाल्ले, कुंकू लावून घेतलं आणि उन्हं उतरायच्या आत त्या गेल्या. पुढच्या बोलावण्याला निम्म्याच आल्या. त्याच्या पुढच्याला कुणाच्या घरी पाहुणे होते, कुणाचं डोकं दुखत होतं.

इकडे घाटातलं टाकं पूर्ण झालं. खडक फोडताना लागलेल्या झऱ्याचं पाणी त्यात उतरलं. मावशी स्वतः शेठाणीबाईंच्या दारी निरोप घेऊन आली. "टाक्याला सर्वांत मोठा हातभार तुमचा लागलाय. पहिली ओंजळ तुम्ही घ्यावी, अशी इच्छा आहे."

शेठाणीबाई बाहेरच आल्या नाहीत. आतून त्यांनी कळवलं, की बरं नाही. मनात म्हणाल्या, मला तिथे उभं करून ही लोकांना दाखवणार, बघा, माझ्या उष्ट्या वस्तू हिने घेतल्या. मग संध्याकाळी घाटातून परतणाऱ्या लोकांचं बोलणं खिडकीतून ऐकू आलं. जो तो मावशीचं नाव घेत होता. तेव्हा शेठाणीबाई कोंडाला म्हणाल्या, "पैसा माझा आणि नाव तिचं!"

"बाईसाहेब, तुमचंच नाव घेणार होते. तुम्ही गेला नाहीत," कोंडा म्हणाली.

"तू गप्प बस. मला सांग, बायका हल्ली दुपारी कुठे असतात?"

कोंडाने उत्तर द्यायला वेळ लावला, तेव्हाच त्यांना कळलं.

"अजून तिच्याकडेच? तिच्याकडे आता उरलंय काय?"

बोलता बोलता त्यांना वाटलं, आलं लक्षात! तिने सर्वांत चांगला अडकित्ता लिलावात काढलाच नाही. तो लपवून ठेवला आणि बाकीचे आपल्या गळ्यात मारले. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो जाईना. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पालखीसुद्धा न मागवता शेठाणीबाई पायी निघाल्या आणि मावशीच्या ओसरीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

ओसरी भरलेली होती. मध्ये मावशी बसली होती, शेजारी तानी. मावशीच्या हातात लोखंडाचा एक काळा, ओबडधोबड अडकित्ता होता. तिने जोर लावला तशी सुपारी सटकून एका बाईच्या पदरात जाऊन पडली. हसता हसता सगळ्यांनी वर पाहिलं आणि हसू थांबलं.

"तो दाखवा," शेठाणीबाई म्हणाल्या.

मावशीने अडकित्ता पुढे केला. शेठाणीबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. ना नक्षी, ना घुंगरं.

"हा कुठला?"

"आपल्या लोहाराकडचा. धार नाही मेल्याला."

"मथुराबाई, खरं सांगा. चांगला कुठे लपवलात?"

"सगळे तुमच्याकडेच आहेत, शेठाणीबाई. देवाशपथ."

"मग या सगळ्या इथे कशाला येतात?"

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. उन्हाने शेठाणीबाईंचा चेहरा लाल झाला होता, पायांवर धूळ होती.

"ते तुम्हाला उभ्या उभ्या कसं कळेल?" ती म्हणाली. "रोज तुमची पालखी इथून जायची. रोज मला वाटायचं, आज थांबेल. मी हाक मारायला हवी होती, पण धीर झाला नाही. आता आलाच आहात तर बसा. तानी, सरक गं थोडी."

तानी सरकली. चटईवर एका माणसापुरती जागा झाली. ज्या मुलीचा पोपट आपण हिसकावून घेतला, तीच आपल्याला जागा करून देते आहे, हे शेठाणीबाईंनी पाहिलं.  बसायला म्हणून त्या थोड्या वाकल्यासुद्धा.

पण तेवढ्यात मनात आलं, उद्या सगळी पेठ म्हणेल, शेठाणी शेवटी मावशीच्याच दारी आली. त्या पुन्हा ताठ झाल्या.

"हा अडकित्ता मला विकत द्या," त्या म्हणाल्या. "काय घ्याल?"

"विकत कशाला? हवा तर न्या तसाच."

आणि शेठाणीबाईंनी तो खरोखर नेला. पदराखाली झाकून, मागे न बघता त्या चालू लागल्या. कोपऱ्यावर वळतात तोच मागून ओसरीवर हशा फुटला. पुष्कळ बायकांचा, पोटातून आलेला. शेठाणीबाईंचे कान तापले. हसतात! मलाच हसतात!

बायका त्यांना हसत नव्हत्या. अडकित्ता गेला म्हणून मावशीने सुपारी उंबऱ्यावर ठेवून वरवंटा मारला होता, आणि सुपारी न फुटता उडून थेट समोरच्या घराच्या कौलांवर गेली होती.

पण शेठाणीबाईंना हे कोण सांगणार? त्यांनी तो लोखंडी अडकित्ता मखमलीवर ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. पुढे त्यांनी लग्नाला जाणं सोडलं, सणावाराला जाणं सोडलं. पेठेत कुठेही कुणी हसलं, मग ती अंगणात खेळणारी पोरं का असेनात, की त्यांना वाटे आपल्यालाच हसताहेत, आणि त्या उठून खिडकी लावून घेत. होता होता त्या मोठ्या घराच्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या. ओसरीवर मात्र कुणी नवी बाई आली, की तानी थोडी सरकून जागा करायची.

तात्पर्य: हेवा माणसाला दुसऱ्याच्या दारापर्यंत नेतो, पण आत बसू देत नाही.