एकही गरीब नसलेले नगर

पूर्वी शोणपूर नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या धान्यकोठाराचा अमात्य होता. एका वर्षी पावसाने दगा दिला. राजाने गरिबांना धान्य द्यायचे ठरवले. पण गरीब म्हणायचे कोणाला, यावर दरबार अडून बसला. कोणी म्हणे ज्याच्या दारी गाय नाही तो, कोणी म्हणे ज्याच्या अंगावर धड वस्त्र नाही तो. दरबाऱ्यांना दोन्ही वेळचे जेवण मिळत होते, त्यामुळे घाई कोणालाच नव्हती.

अखेर मंत्री दीर्घबाहू म्हणाला, "ज्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटत नाही, तो गरीब. बुरुजावर माणूस उभा करा. धूर लांबूनही दिसतो."

यात कोणाला झोपडीत वाकून शिरावे लागणार नव्हते. व्याख्या सर्वांना पटली. माणसाने बुरुजावरून पाहिले, तर प्रत्येक छपरातून धूर निघत होता. नगरात गरीबच नाहीत हे ऐकून राजा सुखावला.

बोधिसत्त्वाला मात्र राहवले नाही. तो विणकरांच्या आळीत गेला. तिथे रेवती नावाच्या विधवेची चूल पेटलेली होती, पण चुलीवर भांडेच नव्हते. शेजारी तिचे उपाशी पोर तापाने फणफणले होते.

"बाई, आजची संध्याकाळ चूल पेटवू नकोस. धान्य मिळेल," तो म्हणाला.

"आर्य, आमच्यात चूल गार ठेवतात ती घरात मढं असलं की. पोर जिवंत असताना मी विस्तव विझवू?"

बोधिसत्त्वाने हे दरबारात सांगितले. "धूर पाहू नका, चुलीवर काय शिजते ते पाहा."

दीर्घबाहू हसला. "जिच्याकडे जाळायला सरपण आहे, ती गरीब कशी?"

निम्म्या दरबाराने माना डोलावल्या. उरलेल्या निम्म्याने व्याख्येत भांडे घालावे अशी मागणी केली. मग भांडे मातीचे की तांब्याचे, यावर नवा वाद पेटला. कोठाराच्या किल्ल्या कमरेला असूनही बोधिसत्त्व निकालाची वाट पाहत राहिला.

एका संध्याकाळी रेवतीच्या छपरातून धूर निघाला नाही. बुरुजावरच्या माणसाने वर्दी दिली आणि दरबार खूश झाला. व्याख्येप्रमाणे पहिला गरीब सापडला होता. धान्याचे पोते घेऊन बोधिसत्त्व स्वतः गेला. रेवती उंबऱ्यात बसली होती.

"आता कोणासाठी रांधू?" तिने विचारले.

तो शरमेने खाली मान घालून परतला आणि आज्ञेवाचून कोठाराची दारे सर्वांना उघडी केली. राजाने त्याला हद्दपार केले. धान्य नेणाऱ्यांना गरीब म्हणावे की चोर, यावर दरबार पुढे बरेच दिवस बसला.

ही कथा सांगून शास्ते भगवान भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा दीर्घबाहू आज मला पाण्यात पाहणारा देवदत्त आहे. रेवती भिक्षुणी होऊन तुमच्यातच बसली आहे. अमात्य मी होतो. दरबारी कोण होते ते विचारू नका. ते पुन्हा जन्मले आहेत आणि पुन्हा दरबारातच आहेत. या कथेतला गुण करुणा. ती त्या घरी उशिरा पोहोचली, हेही विसरू नका."