न वाजवता घेतलेलं खोकं

यंत्रं आपसांत बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. अच्युतराव फोटोवाले बाजारात साधा माठही वाजवून घेत. पण संगणक म्हटला की वीस वर्षं एकच कंपनी, तीही डोळे मिटून. "घरच्या माणसाला कुणी तपासतं का हो?" म्हणायचे.

खंडेनवमीला त्यांनी चौपट किमतीचा नवा संगणक आणला, जुन्याशेजारी पूजेला मांडला आणि कुंकू आणायला आत गेले. जुना उद्या भंगारात जायचा होता.

"धाकट्या," जुना म्हणाला, "माझ्या पोटात मालकांनी तीनदा नवे भाग बसवले. तुझ्या पोटात काय आहे रे?"

"डब्याएवढं यंत्र. दुकानात पाव किमतीत सुटं मिळतं, तेच."

"आणि बाकीची जागा?"

"रिकामी, आजोबा. तिथे काही बसतच नाही."

"मग एवढं धूड कशाला?"

नवा कुजबुजला, "भक्तांना लहान देव चालत नाही."

अच्युतराव वाटी घेऊन दारातच थिजले. खोलीत कुणीच नव्हतं. दोन्ही वायरी जमिनीवर सुट्या पडल्या होत्या. त्यांनी नव्याच्या पोटावर टकटक केली, माठावर करायचे तशी. जरा वेळाने आतूनही तशीच टकटक आली.

नवं खोकं बिनकुंकवाचंच परत गेलं. हार जुन्याला चढला, तेव्हा त्याचा बंद पंखा एकदाच, सावकाश फिरला.